शब्दचर्चा : पॅलेटवरचा माल ‘सुरक्षित करणे’?

प्रश्न : गोदामात लावायची सूचनापत्रिका मराठीत करतोय, पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर) ठेवलेल्या मालाबद्दल. मुळात ‘सिक्युअर द लोड’ आहे, आधीच्या मसुद्यात ‘पॅलेटवरील माल सुरक्षित करावा’ असं केलंय. वाचणाऱ्याने नेमकं करायचं काय, हे त्यातून कळत नाही. चपखल क्रियापद सुचवा.

— ‘सुरक्षित करा’ म्हटलं की कुलूप लावा, ताडपत्री टाका, असलंही काही डोक्यात येतं. इथे माल हलू नये, एवढंच म्हणायचंय. सरळ ‘पक्का बांधा’ लिहा.

— ‘बांधा’ने अर्धंच काम भागतं. यात दोन कामं आहेत. खोकी पॅलेटशी एकजीव करायची, ते ‘जखडणे’. मग भरलेलं पॅलेट ट्रकमध्ये जागचं हलू द्यायचं नाही. तिथे पट्ट्यांनी बांधतात, पण फटीत हवेच्या पिशव्याही फुगवतात, लाकडी ठोकळेही ठोकतात. त्याला बांधणं कसं म्हणणार? ‘अडवणे’ म्हणा. करकचून ब्रेक लागला की माल पुढे धावतो. रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी सीटीयू कोड (कंटेनर, ट्रक वगैरेंत माल भरण्याची आंतरराष्ट्रीय संहिता) हा जोर मालाच्या वजनाच्या ०.८ पट धरायला सांगतो, म्हणजे एक टनाच्या पॅलेटमागे ८०० किलोचा रेटा.

— ‘जखडा’ला माझंही मत. पण कशाने, तेही सांगा. प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळतात, पट्टी आवळतात. हे शब्द अदलाबदल करून चालत नाहीत. फिल्मच्या बाबतीत ‘ताणून’ हा शब्द गाळू नका. सैल गुंडाळलेली फिल्म धूळ अडवेल, माल नाही. आणि पहिले वेढे खाली, पॅलेटच्या लाकडी कडेवरूनच गेले पाहिजेत. नुसत्या खोक्यांभोवती फिल्म घेतली तर सगळी खोकी मिळून एक गठ्ठा होतो आणि वळणावर तो गठ्ठाच्या गठ्ठा पॅलेटवरून घसरतो. फोर्कलिफ्टचे काटे शिरतात त्या फटी मात्र मोकळ्या राहू देत.

पट्टी आवळताना खोक्याच्या काठावर कोनपट्टी (काटकोनात दुमडलेली कडक पट्टी) हवी, नाहीतर पट्टी पुठ्ठ्यात रुतते. पुठ्ठा दबला की आवळलेली पट्टी सैल पडलीच.

— गोदामात ‘पट्टी मारा’, ‘रॅप मारा’ म्हणतात. पत्रिकेत तेच का नको? (मराठीत काय काय मारतात, हा वेगळा धागा होईल.)

— ‘एकावर एक रचा’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही बदला. गवंडी विटांची सांधेमोड करतात (वरची वीट खालच्या दोन विटांच्या सांध्यावर) तशीही खोकी रचता येतात, थप्पी डगमगत नाही. पण पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते, सांधेमोडीत वरच्याचा कोपरा खालच्याच्या मध्यावर येतो आणि खालचं खोकं चेपतं. माल जड असेल तर ‘कोपऱ्यावर कोपरा’ असं स्पष्ट लिहा. खोकं पॅलेटच्या कडेबाहेर आलं तरी हीच गत, त्याचा कोपरा अधांतरी राहतो.

प्रश्नकर्ता : मग असं लिहितो : ‘खोकी कोपऱ्यावर कोपरा ठेवून रचा. पॅलेटच्या कडेपासून वरपर्यंत फिल्म ताणून गुंडाळा. कोनपट्टी लावून पट्टी आवळा. ट्रकमध्ये पॅलेट बांधा, फटी भरा.’ पण पॅलेट ‘तो’ की ‘ते’?

— ‘ते’. आणि ‘कोपरा ठेवून’मधलं ‘ठेवून’ काढा, ‘कोपऱ्यावर कोपरा रचा’ पुरे.