शेवटच्या फेरीतली ठरवलेली बरोबरी : नियमात बसते म्हणून चालवून घ्यायची का?

प्यादेमोड :
नमस्कार. माझी मुलगी बुद्धिबळाच्या मानांकन स्पर्धा खेळते. अलीकडे एका खुल्या स्पर्धेत शेवटच्या फेरीआधी दोन खेळाडू प्रत्येकी ७ गुणांवर आणि ही ६.५ गुणांवर होती. आघाडीचे दोघे पहिल्या पटावर समोरासमोर आले, आठ चाली झाल्या, हस्तांदोलन झाले आणि दोघे चहाला गेले. हिने अखेरपर्यंत झुंजून आपला डाव जिंकला, तिघांचे ७.५ गुण झाले आणि टायब्रेकवर (समान गुण असताना क्रम लावण्याच्या निकषांवर) ही तिसरी आली. पहिल्या पटावर कोणीही जिंकले असते, तर हिला एकटीला दुसरा क्रमांक मिळाला असता. फेरीपूर्वी त्या दोघांच्या पालकांचे बोलणे झालेले अनेकांनी पाहिले, पण काय बोलले ते कोणी ऐकले नाही. पंच म्हणाले, "नियमात बसते." पटावर बसल्यानंतर झालेली बरोबरी आणि बसण्याआधीच ठरलेली बरोबरी यांत नियम फरक करतात का? करत नसतील, तर आपण तो करावा का?

उंटवाट :
मी पंच म्हणून काम करतो, म्हणून आधी नियम सांगतो. दोन्ही खेळाडूंनी किमान एक चाल केल्यानंतर डाव चालू असताना परस्परसंमतीने बरोबरी करता येते. अमुक चालींपूर्वी बरोबरी नाही, अशी अट घालण्याची मुभा आयोजकांना आहे, पण ती स्पर्धेच्या नियमावलीत आधीच लिहिलेली असावी लागते. "डाव चालू असताना" हे शब्द महत्त्वाचे आहेत. आधी ठरवलेली बरोबरी त्यांत बसत नाही आणि खेळाची अप्रतिष्ठा होईल असे वर्तन करू नये, या ११.१ कलमाखाली पंच कारवाई करू शकतात. अडचण पुराव्याची असते.

डिसेंबर २०२३ मध्ये समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ (अतिजलद बुद्धिबळ) स्पर्धेत रशियन ग्रँडमास्टर दानिल दुबोव आणि इयान नेपोम्नियाची यांनी एकही प्यादे न हलवता १३ चाली नुसते घोडे नाचवले आणि बरोबरी जाहीर केली. मुख्य पंचांनी दोघांनाही शून्य गुण दिले आणि अपीलही फेटाळले गेले. मात्र त्याच दोघांनी बर्लिन बचाव या सुरुवातीतली १४ चालींची सर्वांना पाठ असलेली पुनरावृत्ती खेळली असती (वजिराचा इ४ घरावरून शह, परत डी४ घरावर, पुन्हा तेच), तर कोणी ब्रही काढला नसता. ठरवाठरवी दोन्हीकडे तीच असती. शिक्षा झाली ती उघड थट्टेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुना वजीर :
या विषयात १९६२ च्या क्युरासाओ या कॅरिबियन बेटावरच्या आव्हानवीर स्पर्धेला (जगज्जेत्याचा आव्हानवीर निवडणाऱ्या स्पर्धेला) वगळता येणार नाही. पेट्रोसियन, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत खेळाडूंनी आपापसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले आणि त्यांची सरासरी लांबी जेमतेम १९ चालींची होती. उष्ण हवेत चाललेल्या त्या दीर्घ स्पर्धेत या तिघांना आपसूक विश्रांती मिळत होती, तर बाकीचे प्रत्येक फेरीत घाम गाळत होते. पेट्रोसियन १७.५ गुणांनी जिंकला, केरेस आणि गेलर १७ वर राहिले आणि अमेरिकेचा बॉबी फिशर १४ वर. फिशरने पुढे एका अमेरिकी साप्ताहिकात थेट संगनमताचा आरोप केला. त्याच्या तक्रारीत तथ्य होते, पण आपले पहिले स्थान त्यामुळेच गेले हा त्याचा सूर मला पटत नाही, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत तो स्पर्धेतला आणखी एक खेळाडू बेन्को आणि गेलर यांच्याकडून हरला होता आणि साडेतीन गुणांची दरी काही कटाने पडत नाही.

खरी किंमत केरेसने मोजली, असे मला वाटते. ४६ वर्षांचा हा खेळाडू त्या तिघांच्या बरोबरीच्या करारात सामील झाला, बेन्कोला आधीच्या तीनही डावांत हरवूनही शेवटून दुसऱ्या फेरीत त्याच्याकडून हरला आणि अर्ध्या गुणाने मागे राहिला. नंतर जागतिक संघटनेने साखळी पद्धत मोडून आव्हानवीरांसाठी बाद पद्धतीचे सामने आणले. खेळाडूंना उपदेश करण्यापेक्षा स्पर्धेचा साचा बदलणे अधिक परिणामकारक ठरले, हे लक्षात घ्यावे.

सातवी_पट्टी :
वरील दोघांशी थोडा मतभेद आहे. आघाडीवरच्या खेळाडूला बरोबरी पुरेशी असताना त्याने धोका का पत्करावा? त्याला अनैतिक म्हणणे मला जड जाते. न्यूयॉर्कमध्ये २०२४ च्या अखेरच्या रात्री माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन आणि नेपोम्नियाची यांनी अंतिम सामना ३.५-३.५ असा बरोबरीत असताना जागतिक ब्लिट्झ विजेतेपद वाटून घेतले आणि संघटनेने त्याला मान्यता दिली. वाटून घेण्याची मागणी अमान्य झाली तर छोट्या बरोबऱ्या करत राहू, असे कार्लसन म्हणत असल्याची चित्रफीत पुढे आली. तो विनोद होता, असा खुलासा त्याने केला. जे अव्वल पातळीवर हसण्यावारी नेले जाते, त्यासाठी शाळकरी मुलांच्या पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे का?

उंटवाट :
फरक तिसऱ्याच्या नुकसानाचा आहे. न्यूयॉर्कच्या अंतिम सामन्यात पटावरच्या दोघांखेरीज कोणाचा क्रमांक बदलणार नव्हता. प्यादेमोड यांच्या मुलीचा क्रमांक मात्र पहिल्या पटावर ठरला. खेळाडूने स्वतःच्या हिशेबाने आठव्या चालीला प्रस्ताव दिला असता, तर मी काहीच म्हटले नसते. पालक बाहेर बोलून आले असतील, तर तो डाव खेळला गेलाच नाही.

प्यादेमोड :
सर्वांचे आभार. मग आयोजकांकडे तीस चालींची अट मागावी का?

जुना वजीर :
मागा, पण तिच्यावर विसंबू नका. क्युरासाओनंतर असा नियम आणून पाहिला होता आणि तो टिकला नाही. तीनदा तीच स्थिती आणली की बरोबरी कायदेशीरच असते. त्याऐवजी पहिल्या दोन बक्षिसांच्या रकमांत मोठे अंतर ठेवा आणि समान गुणांवर रक्कम वाटून न देता टायब्रेकने द्या, असे सुचवा. संगनमताचा संशय आला, तर निकालपत्रावर सही होण्याआधी मुख्य पंचांना लेखी कळवा.