चुका कमी म्हणून विषाणू तगडा?
कुणी म्हणेल, विषाणू आपल्या जनुकांची नक्कल जितकी अचूक करतो, तितका तो घातक. पोलिओत उलटंच दिसलं. त्याच्या पॉलिमरेजमध्ये (नक्कल करणाऱ्या प्रथिनात) ६४व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन आलं की चुका घटतात, रायबाव्हिरिन या विषाणूरोधक औषधालाही तो विषाणू फारशी दाद देत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींत हा बरा वाढतो. पण मानवी रिसेप्टर (पोलिओचा विषाणू पेशीत शिरताना ज्याला चिकटतो ते प्रथिन) घातलेल्या उंदरांच्या मेंदूपर्यंत पोचताना मागे पडतो. २००६ मध्ये विग्नुझी, आंदिनो वगैरे संशोधकांनी रसायन वापरून त्याच्यात मुद्दाम विविधता वाढवली, तर मारकता परतली! म्हणजे वैविध्यच कामाचं, असं ठरल्यासारखं झालं. पण २०१८ च्या एका कामात निराळंच निघालं: हा अचूक विषाणू मुळात संथ आहे, आणि तो मार खातो त्या संथपणामुळे. मला हेच जास्त पटतं. चुका घाईपोटी होतात, विषाणूला त्या हव्याच असतात असं नाही.