मदत हवी आहे: बायपासनंतर बदललेलं मन टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. बायपासनंतर तब्येत रुळावर आलीय, प्रश्न मनाचा आहे. आयसीयूतून बाहेर आलो तेव्हा बरंच काही आपोआप गळून पडलं होतं. धाकट्या भावाशी धरलेला अबोला, ऑफिसातली चढाओढ, सगळं क्षुल्लक वाटायला लागलं. भावाला मीच फोन केला. आता मात्र गोळ्यांच्या डबीतले वारांचे कप्पे भरताना काय ती मरणाची आठवण येते, आणि तासाभरात कुणाच्या तरी मेसेजवरून डोकं तापतं.

टेडेस्की आणि कॅल्हून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये असा बदल मोजण्यासाठी एक प्रश्नावली मांडली. नात्यांतली जवळीक, आयुष्याची किंमत कळणं असं त्यात येतं. बदल होतो हे मला पटलंय (अनुभवलाय की!), पण तो टिकतो का?

ज्यांनी मरण जवळून पाहिलंय आणि आता पाच-सात वर्षं उलटलीत, त्यांच्यात काय उरलं? रोज मृत्यूचं स्मरण करावं म्हणतात, पण रात्री तसं करायला गेलो की मी छातीचे ठोकेच मोजत बसतो. भीती न वाढवता ती जाणीव जागी ठेवायची काही रीत आहे का? ‘सकारात्मक विचार करा’ सोडून काहीही चालेल.