अनुभव धागा: अ‍ॅक्सोलॉटलने खाणं सोडलं तेव्हा तुम्ही काय केलंत?

आमच्या टिंगूने (अ‍ॅक्सोलॉटल, म्हणजे कायम पाण्यात राहणारा सॅलॅमँडर) गेले काही दिवस जेवणावर बहिष्कार टाकलाय. गांडूळ तोंडासमोर धरलं की जरा थबकतो, आता खाणार असं वाटतं आणि मग सरळ वळून कोपऱ्यात जाऊन बसतो. बाकी अंगावर डाग नाही, बुरशी नाही. ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी जरा सविस्तर लिहा प्लीज. नुसतं 'व्हेटला दाखवा' नको, पाणी कसं होतं, काय बदललं, परत कधी खायला लागला तेही सांगा.

---

आधी थर्मामीटर बघा, बाकी सगळं नंतर. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या थंड पाण्यातला प्राणी आहे हा, १६ ते १८ अंशात खूश असतो. २२-२३ च्या वर गेलं की आधी भूक जाते, मग कल्ले पुढच्या बाजूला वळायला लागतात, शेपटीचं टोक हुकासारखं वाकतं. आणि सकाळी १८ दिसलं म्हणजे दिवसभर १८ असतं असं नाही, आमच्याकडे दुपारी २४ व्हायचं, कारण टँकवर खिडकीतून ऊन यायचं. टँक हलवला, पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला, दोन-तीन अंश सहज उतरले. पंख्याने पाणी भराभर उडून जातं तेवढं टॉप-अप करत राहायचं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका असं माझं मत, तापमान झोके घेतं आणि त्याचा त्रास उन्हाळ्यापेक्षा जास्त.

---

+१ वरच्याला. पण माझ्याकडे तापमान अगदी बरोबर होतं आणि तरी उपास चालू. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ, म्हणून कोणाच्या डोक्यातच येईना. टेस्ट किटने बघितलं तर अमोनिया ०.५ पीपीएम! झालं असं होतं की घरातल्या एका उत्साही मंडळींनी फिल्टरचा स्पंज नळाखाली चकचकीत धुऊन ठेवला होता, म्हणजे क्लोरीनने सगळे चांगले बॅक्टेरिया साफ आणि टँकची सायकल (घाणीतल्या अमोनियाचं बॅक्टेरिया आधी नायट्राइट, मग कमी घातक नायट्रेट करतात ती) पहिल्यापासून सुरू. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यच हवेत, 'थोडंसं चालतं' असं काही नसतं. त्याला मग एका मोठ्या टबमध्ये ठेवला, रोज शंभर टक्के पाणी बदलायचं, क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं. तिकडे टँक रिकामाच सायकल होत राहिला, काही आठवडे गेले त्यात. खायला मात्र तो टबमध्येच लागला, टँक तयार व्हायच्या कितीतरी आधी.

---

गांडूळ कुठलं देताय ते विचारलंच नाही कोणी! कंपोस्टमधली ती बारकी लाल गांडुळं असतील तर प्रश्नच मिटला. त्यांना धरलं की अंगातून पिवळट कडू द्रव सोडतात. आमच्या बाईसाहेब आधी सुर्रकन ओढून घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मग थू करून असं लांब फेकायच्या की बघत राहावं. ज्याच्या चेहऱ्यावर कायम हसू असतं त्या प्राण्याला एवढा तिरस्कार दाखवता येतो हे तेव्हा कळलं 😄 गरम पाण्यात काही सेकंद बुडवून, धुऊन दिली तर काही जण खातात. मोठी गांडुळं असतील तर सरळ तुकडे करा. आणि दिवे बंद करून द्या, पापण्या नसतात त्यांना, उजेडात बुजतात. नजर तशी अधूच, वास आणि पाण्यातली हालचाल यावर चालतं सगळं, म्हणून चिमट्याने तोंडाजवळ हळू हलवायचं. नाकावर आपटायचं नाही.

---

टँकमध्ये खडे आहेत का? आम्ही ज्यांच्याकडून घेतला त्यांनी खड्यांसकटच दिला होता. हे प्राणी पाण्यासकट घास ओढून घेतात, त्यात खडाही जातो. खाणं बंद, शी बंद, पोट एका बाजूला टणक आणि मधूनच तरंगायचा. एक्सोटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटने एक्स-रे काढला, खडा दिसलाच. प्राण्याला पाण्याच्या डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवायचा उपाय बरेच जण सांगतात, आम्ही व्हेटच्या देखरेखीखालीच केला, आपल्या मनाने करू नका. खडा सुदैवाने आपोआप निघाला. तेव्हापासून तळ उघडा.

---

वय काय त्याचं? पिल्लं रोज खातात, पूर्ण वाढलेला दोन-तीन दिवसांनी खातो. माझी मोठी झाली आणि रोजचं नको म्हणायला लागली, मी उगाच घाबरले. धष्टपुष्ट मोठा असेल तर आठवडाभर न खाऊन काही होत नाही. डोक्याच्या रुंदीएवढी पोटाची रुंदी हवी, पोट त्याहून बारीक दिसायला लागलं तर मात्र थांबू नका. जबरदस्तीने भरवायला जाऊ नका.

---

सोबत मासे असतील तर काढा. कल्ले कुरतडतात, मग तो लपूनच बसतो.

---

धागाकर्ती: सगळ्यांना थँक्यू! मोजलं सगळं. तापमान १८, अमोनिया-नायट्राइट शून्य, पण नायट्रेट ८० च्या आसपास! थोडं थोडं करत पाणी बदललं, फिल्टरचा जोरही कमी केला कारण तो त्या प्रवाहापासून लांब पळत होता असं आता लक्षात येतंय. काल रात्री अंधारात अर्धं गांडूळ खाल्लं!! आता रोज देऊ का?

---

आधी उरलेलं अर्धं बाहेर काढा, सडलं तर अमोनिया चढेल. मग दोन दिवसांनी द्या, मधे शी होते का तेवढं बघा. आणि नायट्रेट २० च्या खाली येईपर्यंत पाणी बदलणं चालू ठेवा.