बिल्डिंग मेंटेनन्समधून पीएलसीत (मशीन आपोआप चालवणारा कंट्रोलर) शिरायचंय, अनुभव शून्य, क्लास लावू का?

कळव्याचा_बंड्या:
नमस्कार मंडळी, डिप्लोमा इलेक्ट्रिकल, २०१९ पासआऊट. ऐरोलीत एका आयटी पार्कात मेंटेनन्सला आहे, चार वर्षं झाली, म्हणजे डीजी (जनरेटर), एएचयू (एसीची हवा फिरवणारं युनिट), पंप, एसटीपी (सांडपाण्याचा प्लांट) आणि कोणाच्या केबिनमधली ट्यूब गेली की ती पण आपणच. आता ऑटोमेशनमध्ये जायचंय पण जिथे अर्ज टाकतो तिथे पीएलसी-स्काडाचा (स्काडा म्हणजे प्लांट स्क्रीनवर बघायचं सॉफ्टवेअर) दोन वर्षं अनुभव पाहिजे, आणि कोणी घेतलंच नाही तर तो अनुभव येणार कुठून?? ठाण्यात एक क्लास आहे, ६५ हजार, तीन महिने, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. आई म्हणते एफडी मोडू. काय करू?

फेरूलवाला:
एफडीला हात लावू नकोस आधी. मी रबाळे एमआयडीसीत पॅनल बनवणाऱ्या शॉपमध्ये आहे, १४ वर्षं, आणि आमच्याकडे पोरं घेताना मी पण बसतो समोर. सर्टिफिकेट कोणी उलटून पण बघत नाही रे. मी कोरा कागद देतो आणि सांगतो डीओएल स्टार्टर काढ, म्हणजे मोटर थेट सप्लायवर चालू करायचं सर्किट, होल्डिंगसकट, म्हणजे स्टार्ट सोडलं तरी मोटर चालू राहिली पाहिजे. अर्धी पोरं इथेच गळतात. जो काढतो त्याला विचारतो स्टॉप बटण एनसी का, म्हणजे न दाबता सर्किट जोडलेलं का? वायर तुटली तरी मोटर बंद पडावी म्हणून, हे मेंटेनन्सवाल्याला झोपेत पण येतं. मग पुढचा प्रश्न, तेच एनसी बटण पीएलसीच्या इनपुटला आणलं तर लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, कॉन्टॅक्ट कुठला टाकशील? क्लासवाली पोरं बिनधास्त एनसी टाकतात. अरे बटण न दाबताच तो इनपुट ऑन असतो ना, म्हणून लॅडरमध्ये एनओ (एनसीच्या उलटा, इनपुट ऑन असला की जोडला जाणारा) टाकायचा, एनसी टाकलास तर स्टार्ट दाबून दाबून बोट दुखेल पण मोटर हलणार नाही. हे ज्याला कळलं त्याला बाकीचं आम्ही शिकवतो.

तुझा अनुभव शून्य नाहीये, तू सांगतोयस चुकीचा. "डीजी, एएचयू बघतो" असं लिहिलंस तर वॉचमनच्या वरचा माणूस वाटतोस. लिही की स्टार-डेल्टा (मोठी मोटर टप्प्यानं चालू करायच्या) पॅनलचा फॉल्ट शोधला, व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॅरामीटर लावले, ड्रॉइंग वाचून वायर ट्रेस केली. केलंयस ना हे? शिकायला कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सिम्युलेशन त्यातच आहे, पीएलसी विकत घ्यायची गरज नाही. सीमेन्सचं तसलंच सॉफ्टवेअर टीआयए पोर्टल २१ दिवस ट्रायलवर चालतं, पण ते आत्ता नको, आधी कोडेसिसवर दोन पंप आलटूनपालटून चालवायचं लॉजिक लिही, एक ट्रिप झाला की दुसरा आपोआप लागला पाहिजे. तुझ्याकडे खरे पंप आहेतच समोर बघायला.

आणि महापे, रबाळे, वागळे इस्टेट, इथे छोटे पॅनलवाले भरपूर आहेत. रविवारी घरी बसून मेल टाकत बसू नकोस, वीकऑफ मधल्या वारी घे आणि गेटवर जाऊन बायोडाटा दे.

ईएमआय_भरतोय:
क्लासबद्दल माझं ऐक. मी लावला होता, नाव नाही घेत. तीन महिन्यांत ट्रॅफिक सिग्नल आणि बाटली भरायचं कन्व्हेयर, तेच तेच स्क्रीनवर, आणि वीस पोरांत दोन किट. प्लेसमेंट मिळाली, भिवंडीत गोडाऊनला, यूपीएस विकायची. क्लास वाईटच असतो असं नाही म्हणत, पण पैसे द्यायच्या आधी विचार की मागच्या बॅचच्या तीन पोरांचे नंबर द्या. देत नसतील तर घरी जा.

साईटवाली_ताई:
फेरूलवाले दादा बोलतायत ते पटतं पण अर्धंच. बंड्या, पॅनल शॉपला जरूर जा पण तिथे फेरूल घालत आणि लग क्रिंप करत, म्हणजे नुसती वायरची टोकं तयार करत, तीन वर्षं काढलीस तर वायरमनच राहशील, हे तुला तिथे कोणी सांगणार नाही कारण चांगला वायरमन कोणाला सोडवत नाही. पहिल्या वर्षातच पॅनल टेस्टिंगला उभा राहा, मग कस्टमर येतो एफएटीला, म्हणजे पॅनल पाठवायच्या आधीच्या तपासणीला, तेव्हा मागे लाग, मग कमिशनिंगला, म्हणजे साईटवर चालू करून द्यायला, मला न्या म्हण. मी अशीच घुसले, इन्स्ट्रुमेंटेशनची असून सुरुवातीला लोकांना वाटायचं ही ऑफिसात बसून डॉक्युमेंट करेल.

आणि हे पण सांगते, घरून निघताना दोन दिवस म्हणून तारापूरला जायचं आणि अकराव्या दिवशी परतायचं, असं आहे हे काम. रात्री दोनला प्लांटवाले डोक्यावर उभे आणि एक प्रॉक्सिमिटी सेन्सर काही केल्या इनपुट देत नाही, शेवटी निघतं काय तर पीएलसीच्या इनपुट कार्डला पीएनपी पाहिजे होता आणि स्टोअरने एनपीएन दिलाय, दोघांचं आउटपुट उलटं. लग्न वगैरे ठरत असेल तर आधी सांगून ठेव घरी.

एक घरचा अभ्यास देते. तुमच्या ओव्हरहेड टाकीला लेव्हल ट्रान्समीटर असेल, दोन वायरचा, ४-२० मिलीअँप, म्हणजे पाण्याची पातळी करंटने सांगणारा. सिनिअरला सांगून, पंप मॅन्युअलवर टाकून, लूपमध्ये सिरीजला मीटर लाव आणि बघ टाकी किती आणि करंट किती. पंप ऑटोवर ठेवून लूप सोडलास तर पॅनलला टाकी रिकामी दिसेल आणि गच्चीवर धबधबा होईल. ४१५ व्होल्टच्या बाजूला बोट घालायचं नाही.

कळव्याचा_बंड्या:
ताई केलं!! काल नाईटला. सुपरवायझर आधी नाही म्हणत होता मग स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला. गेज ग्लासवर टाकी अर्धी होती आणि मीटरवर ११.९. म्हणजे ४ ला रिकामी, २० ला भरलेली, १२ ला अर्धी, बरोबर ना? आणि वायर तुटली तर ० येईल, ४ नाही, म्हणजे रिकामी टाकी आणि तुटलेली वायर वेगळी ओळखता येते, हे चार वर्षं रोज त्या डिस्प्लेसमोर उभा राहून कधी डोक्यात आलं नव्हतं राव. क्लासवाल्याला नको म्हणून कळवलंय. गुरुवारी वीकऑफ आहे, रबाळेला उतरतो. दादा तुमच्या इथे जागा आहे का?

फेरूलवाला:
गुरुवारी ११ नंतर ये, १० ला मटेरियल उतरतं. कोरा कागद तयार ठेवतो. आणि मीटरची लाल वायर मिलीअँपच्या भोकातून काढून परत व्होल्टला लावलीस ना? आधी बघून ये, नाहीतर सकाळच्या शिफ्टवाला तोच मीटर घेऊन थेट सप्लाय चेक करेल आणि शॉर्ट होईल.