आरंभशूर माणसाने बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

सातारची_ताई (प्रश्न)

माझ्या धाकट्या भावाचे वय ३४ असून त्याचे वजन १३८ किलो आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा) ४६ आहे. त्याला मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडतो, म्हणून डॉक्टरांनी बॅरिअॅट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठीच्या शस्त्रक्रियांपैकी स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची) शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्याआधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्यावी लागेल असे कळल्यापासून घरात वाद सुरू आहे. वडिलांच्या मते तो मुळातच आरंभशूर आहे. जिम असो वा डाएट, चार दिवसांत उत्साह मावळतो, त्यामुळे पोट लहान करून घेतले तरी वजन पुन्हा चढणारच. आता भावालाही हे पटू लागले आहे, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. स्वभावावरून वजन किती घटेल हे खरोखर सांगता येते का? आणि या तपासणीत कोणी ‘नापास’ होते का?

समुपदेशक_पुणे

ताई, स्वभाव आणि वजन यांचा संबंध आहे, हे आधी स्पष्ट करते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पन्नासहून अधिक वर्षे चाललेल्या अभ्यासातील १,९८८ जणांची माहिती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सर्वाधिक उतावळ्या दहा टक्के लोकांचे वजन सर्वात कमी उतावळ्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जास्त आढळले. परंतु हे सर्वसाधारण लोकसंख्येतले चित्र झाले. शस्त्रक्रियेनंतर कोणाचे वजन किती उतरेल, हे आधीच्या स्वभावचाचणीवरून ओळखण्याचे प्रयत्न अनेकांनी केले आहेत. काही अभ्यासांत चिकाटी उपयोगी ठरलेली दिसते, पण निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१६ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी सुमारे १९ टक्क्यांना नैराश्य आणि १७ टक्क्यांना अनावर खाण्याचा विकार होता, तरीही या आधीच्या विकारांचा वजन घटण्याशी ठाम संबंध सिद्ध झाला नाही.

शस्त्रक्रियेनंतर खाण्यावरचा ताबा सुटतो का, याला मात्र फार महत्त्व आहे. स्लीव्हनंतर दोन पोळ्या एका वेळी जात नाहीत, पण आइस्क्रीम सहज उतरते, आणि टीव्हीसमोर बसून संध्याकाळभर मूठमूठ फरसाण खाल्ले तर जठर लहान असूनही दिवसाचा हिशेब बिघडतो. उतावळा स्वभाव नेमका इथे नडतो, आणि यावर आधीपासून काम करता येते. तपासणी त्यासाठीच असते. सुरू असलेले व्यसन किंवा उपचार न घेतलेला तीव्र मानसिक आजार आढळला, तर बहुधा आधी त्यावर उपचार करून शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. आरंभशूर म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत.

आहारवेध

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण ‘आरंभशूर’ या शिक्क्याबद्दल मला अधिक तीव्रपणे लिहावेसे वाटते. वजन घटवण्याच्या स्पर्धेवर आधारलेल्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी झाली आणि ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांचे वजन बऱ्याच प्रमाणात परत चढले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. ही माणसे आळशी नव्हती; प्रचंड मेहनत करून त्यांनी वजन उतरवले होते. वजन घटले की लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक कमी होते, भूक वाढते आणि ऊर्जेचा खर्च आखडतो. त्यामुळे आपल्या भावाचा मावळलेला उत्साह हा केवळ स्वभावदोष आहे, असे समजणे अन्यायाचे आहे. स्लीव्हमध्ये जठराचा जो मोठा भाग काढतात, त्याच भागात घ्रेलिन हे भूक चेतवणारे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर भुकेचा जोर ओसरतो. आजवर आपल्या भावाला जो आधार मिळाला नव्हता, तो यातून मिळतो. वडिलांना शक्य असल्यास पुढच्या भेटीला सोबत न्यावे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात अधिक पटते.

मिरजकर

माझी शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे झाली आहेत आणि माझाही स्वभाव धरसोडीचाच आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. माझ्यासारख्याला निश्चयापेक्षा ठरलेली व्यवस्था अधिक कामी येते. माझ्या जेवणाला छोटी ताटली असते. आधी उसळ किंवा पनीर संपवायचे, मग भाकरीचा चतकोर, आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. बी-१२ आणि लोहाच्या गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या असत, पण चहासोबत लोह नीट शोषले जात नाही असे आहारतज्ज्ञांनी सांगितल्यावर ती गोळी दुपारी घेऊ लागलो. दारूबद्दलही स्पष्ट बोलून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेनंतर ती लवकर चढते आणि उतावळ्या माणसाला तिची सवय जडण्याचा धोका अधिक असतो.

ताई, रुग्णालय निवडताना पहिल्या दोन वर्षांत फेरतपासण्या किती वेळा होतील, त्यांत आहारतज्ज्ञ व समुपदेशक असतील का, आणि भेट चुकल्यास तिकडून फोन येतो का, हे आधीच विचारावे.