अनुभव धागा: पायी इंदूर, जुनं आणि नवं शेजारी-शेजारी

रामबागवाली
मल्हारगंजात काल एका घराची लाकडी गॅलरी उतरवली. तुळया गाडीत चढताना बघून जुन्या पायी फेऱ्या आठवल्या, म्हणून हा धागा. ज्यांना हे शहर पायाखालचं आहे त्यांनी लिहा. कुठून निघायचं, मान कुठे वर करायची, काय चुकतं. नुसतं "छान आहे" नको.

सुरुवात माझ्याकडून, राजवाडा. सकाळी सातच्या आत पोचा, नंतर हातगाड्या आणि रिक्षांमागे दर्शनी भाग दिसत नाही. समोरच्या बागेशी थांबून मजले मोजा. सात आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. दगड संपून लाकूड लागतं ती आडवी रेघ आधी शोधा, बाकी सगळं आपोआप कळत जातं. आत गेल्यावर मागचा भाग मल्हाररावांच्या काळचा समजू नका. 1984 च्या आगीत तो गेला, 2006-07 मध्ये जुन्या पद्धतीनंच परत बांधला. सोमवारी बंद असतो, पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.

चुना_वीट
गॅलरीचं वाचून वाईट वाटलं ताई. सागवान होतं का?

गल्लीतून जाताना भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोका. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर पांढरी पावडर दिसली तर लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. नव्वद टक्के लोक म्हणतात "जुनी भिंत, चालायचंच". नाही! वीट-चुन्याची भिंत ओल ओढते आणि हवेत सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल कोंडते, वर चढते आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजवते. तुळई मधे ठणठणीत दिसते, सडते ती टोकाला. दाभण टोचून बघा. बोटाच्या पेराएवढं सहज आत गेलं तर आधी टेकू लावा, मग बाकीचं.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी: सिमेंट पूर्ण काढा. सांधे पाऊण इंच खोल खरवडा. कळीचा चुना निदान पंधरा दिवस भिजत ठेवा. घाई केली तर न विरलेले खडे नंतर भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको, पहिला घट्ट झाल्यावर दुसरा. आठवडाभर ओलं गोणपाट. मे महिन्यात हे काम काढू नका, पाणी उडून जातं आणि भेगा पडतात.

रामबागवाली
सागवानच. खांबांखाली दगडी तळखडे होते, ते तिथेच पडलेत.

चुना_वीट
तळखडे उचलू देऊ नका कुणाला!! लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून असतात ते. पुन्हा खांब उभा करायचा तर तेच लागतील.

सुदामानगर७
रस्तारुंदीत पुढून कापलेली घरंही बघा. पुढचे खांब गेले की तुळयांना टेकू उरत नाही, मग लोक लोखंडी गर्डर किंवा आरसीसीचा कॉलम देतात. तिथवर ठीक. पण लाकूड आणि कॉलममधली फट सिमेंटनं भरतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, सिमेंट हलत नाही. दरवर्षी तिथेच भेग, तिथूनच पाणी. मधे लोखंडी पत्रा घालून थोडी जागा सोडायची असते.

घंटाघर
राजवाड्याहून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची दगडी स्मारकं) पाचेक मिनिटं, मग पूल ओलांडून गांधी हॉल. 1904 चा, आधीचं नाव किंग एडवर्ड हॉल, 1948 पासून गांधी हॉल. मनोऱ्याला चार बाजूंनी घड्याळ. रमतगमत दीड तास धरा. छत्र्यांत चप्पल काढावी लागते, दगड तापतो, दहाच्या आत उरका.

पोहेप्रेमी_इंदौरी
मधे पोहे-जिलबी कुठे ते कुणी लिहिलंच नाही 😀

घंटाघर
राजवाड्याच्या आसपास कुठेही, जिथे पोहे वाफेवर ठेवलेत तिथे. सराफ्यात सकाळी जाऊ नका, तिथलं खाणं सोन्या-चांदीची दुकानं मिटल्यावर. पण दुकानांवरच्या गॅलऱ्या बघायच्या तर सकाळीच, रात्री दिव्यांच्या माळांत काही दिसत नाही.

मनीषा_राजेंद्रनगर
माणिकबाग राहिलं! 1930 च्या दशकात यशवंतराव होळकरांसाठी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकारानं बांधलेला महाल. तेव्हा वातानुकूलित. आता तिथे केंद्र सरकारच्या करखात्याचं कार्यालय आहे, सरळ आत शिरता येत नाही, आणि आतलं फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. तरी होळकरांच्या लालबाग महालानंतर लगेच बघा. लालबाग 1921 मध्ये पुरं झालं, फाटकं बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर. मधे फक्त दहा-बारा वर्षं, आणि नक्षीकाम पार गेलेलं! राजवाड्याहून लालबाग अडीच-तीन किलोमीटर, मुलं बरोबर असतील तर रिक्षा करा.

सुदामानगर७
नवं म्हणजे काच लावलेले मॉलच नव्हेत. अरण्य वसाहत बघा, वास्तुकार बाळकृष्ण दोशींची. सुमारे साडेसहा हजार घरांची आखणी, आगाखान पुरस्कार 1995 चा. गरीब कुटुंबाला 35 चौरस मीटरचा प्लॉट, जोतं, संडास-न्हाणी आणि पाण्याची सोय, बाकी घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. बाहेरचे जिने आणि ओटे बघा, मल्हारगंजातल्या ओट्यांशी नातं लगेच लागतं. लोक राहतात तिथे, विचारल्याशिवाय फोटो नको.

काकू_नारायणबाग
पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारानं 1918 च्या अहवालात हेच सांगितलं होतं होळकर दरबाराला. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, अडचणीचं तेवढंच काढा, बाकी दुरुस्त करा. प्लेगच्या दिवसांत दिवाळीला स्वच्छतेची मिरवणूक काढली होती त्यानं, उंदराच्या पुतळ्यासकट.
कुकर लावलाय, बाकीचं रात्री लिहिते.

पोहेप्रेमी_इंदौरी
काकू, उंदराचं नक्की लिहा. आणि ताई, तळखड्यांचं काय झालं?

रामबागवाली
घरमालकांशी बोलले. चार आहेत, मागच्या अंगणात ठेवून घेताहेत. रविवारी साडेसहाला राजवाड्यासमोर कोण कोण येतंय? चुना_वीट, तुम्ही दाभण आणा.